आरशासमोरचा वर्ग

चार वर्षांच्या मुलासमोर आरसा ठेवा आणि त्याला म्हणा, ‘तुझं चित्र काढ.’ बहुतेक मुलं आरशात बघून एकदा हसतात, जीभ काढून दाखवतात आणि मग मान खाली घालतात. पुन्हा आरशाकडे ढुंकूनही न बघता चित्र पुरं करतात. एक गोल, त्यात दोन ठिपके, खाली हसरी रेघ आणि गोलातूनच थेट फुटलेले दोन पाय. शेजारच्या मुलीचं चित्रही जवळजवळ तसंच असतं, फक्त तिच्या गोलाला दोन वेण्या असतात.

मोठ्यांना वाटतं, मुलाला अजून चित्र ‘येत’ नाही. खरं तर त्या वयात मूल चित्रातून वेगळंच काम करत असतं. फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज-आंरी ल्युके यांनी आपल्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून अभ्यासली आणि 1927 मध्ये बालचित्रांवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की लहान मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. शेताचं चित्र काढताना ते जमिनीखालचे बटाटेही दाखवतं, कारण ते तिथे आहेत हे त्याला माहीत असतं. बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्यालाही ते दोन डोळे देतं, कारण माणसाला डोळे दोनच असतात.

1972 मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हीच गोष्ट साध्या प्रयोगातून तपासली. मुलांसमोर एक कप ठेवला. कान मागच्या बाजूला वळवलेला, म्हणजे मुलांना न दिसणारा. आणि कपावरचं फूल मात्र समोर, स्पष्ट दिसणारं. आठ वर्षांखालच्या बहुतेक मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. कपाला कान असतोच, फूल असेल किंवा नसेल. मुलं ‘हा कप’ काढत नव्हती, ‘कप’ काढत होती. स्वतःच्या चित्रातही तेच होतं. मूल ‘मी’ काढत नाही, ‘माणूस’ काढतं आणि त्याला आपलं नाव देतं.

डोक्यातूनच पाय फुटलेल्या त्या माणसाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बालवाडीच्या ताई आणि पालक दोघंही त्याच्यामुळे उगाच घाबरतात. पोट कुठे गेलं? मुलाला शरीर समजत नाही की काय? क्लेअर गोलम या अभ्यासिकेनं मुलांना तोच माणूस मातीत करायला सांगितला, तयार तुकडे जोडून करायला सांगितला, तोंडी वर्णन करून दुसऱ्याकडून काढून घ्यायला सांगितला. मग धड दिसायला लागलं. म्हणजे पोट त्याला ठाऊक होतं. कागदावर एकामागून एक रेघ ओढताना सगळं सांभाळणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. फ्रीमन यांना आणखी एक गंमत आढळली. डोकं आणि धड आधीच काढून दिलं आणि फक्त हात जोडायला सांगितले, की मुलं दोन्हींतला जो भाग मोठा असेल त्याला हात जोडतात. डोकं मोठं असेल तर हात डोक्यालाच. तेव्हा मुलानं पोट काढलं नाही म्हणून त्याला हाताला धरून पोट काढायला लावू नये. ते आपोआप येतं, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत.

मुलांच्या चित्रांचं सर्वांत मोठं नुकसान ती ‘वाचणाऱ्यांनी’ केलं आहे. 1926 मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी माणसाच्या चित्रावरून मुलाची बुद्धी मोजायची चाचणी आणली. डोकं आहे का, मान आहे का, बोटं पाच आहेत का, अशा 51 बाबी पाहून गुण द्यायचे. 1963 मध्ये डेल हॅरिस यांनी ती सुधारली आणि पुरुष व स्त्री यांच्या जोडीला ‘स्वतःचं चित्र’ही त्यात घेतलं. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिचं प्रमाणीकरण केलं. मुलाच्या वाढीचा ढोबळ अंदाज घ्यायला अशी चाचणी प्रशिक्षित माणसाच्या हाती काही प्रमाणात उपयोगी पडते. पण 1949 मध्ये कॅरेन मॅकओव्हर यांनी एक पाऊल पुढे टाकून चित्रावरून स्वभावच सांगायला सुरुवात केली आणि मग लहान आकृती म्हणजे न्यूनगंड, हात नाहीत म्हणजे असहायता, अशी कोष्टकं जगभर पसरली. पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी हे अर्थ पुन्हा पुन्हा तपासले. बहुतेक टिकले नाहीत.

का टिकले नाहीत, हे कॅमेरूनच्या उदाहरणातून चांगलं कळतं. हायडी केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या मुलांची आणि कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या मुलांची आत्मचित्रं शेजारी शेजारी ठेवली. बर्लिनच्या मुलांनी स्वतःला मोठं, हसरं, चेहऱ्याच्या तपशिलांसह काढलं होतं. न्सो मुलांच्या आकृती लहान होत्या आणि चेहऱ्यावर हसू क्वचितच होतं. जुन्या कोष्टकानुसार अख्ख्या गावाला न्यूनगंड ठरवावा लागला असता! मुलानं मोठ्यांत नम्रपणे वावरावं, आपलं घोडं पुढे दामटू नये, हे तिथले संस्कार आहेत आणि ‘मी’ कागदावर किती जागा घेतो हे त्या संस्कारांवरही ठरतं. सह्याद्रीतल्या वाडीवरच्या मुलाचं चित्र पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या चित्राहून लहान निघालं, तर त्यावरून शिक्षकानं काहीही निदान करू नये. मुलाच्या चित्रात काही खटकलं, तर त्याच्याशी बोलावं. चित्र हा आजाराचा दाखला नव्हे.

मग आत्मचित्र वर्गात कशासाठी? माझ्या मते मुख्य उत्तर एकच: बघायला शिकण्यासाठी. आपला चेहरा ही मुलासाठी जगातली सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी बघितलेली गोष्ट आहे.

उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरातल्या बालशाळांनी हे फार मनापासून ओळखलं. 1945 मध्ये, महायुद्ध संपल्याबरोबर, त्या शहराजवळच्या व्हिला चेल्ला इथल्या लोकांनी सैन्यानं मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी स्वतःच्या हातांनी शाळा उभारली. लोरिस मालागुत्सी हे शिक्षक तिथे पोचले आणि पुढचं सगळं आयुष्य त्या शहरातल्या बालशिक्षणाला दिलं. त्यांच्या शाळांत प्रत्येक ठिकाणी चित्रशाळा असते, कलेचं शिक्षण घेतलेला शिक्षक असतो आणि आरसे जागोजागी असतात. तीन आरसे तंबूसारखे जोडून केलेल्या खोपट्यात मूल शिरतं, तेव्हा त्याला स्वतःची पाठ, कान, बाजूचा चेहरा असं सगळं एकदम दिसतं. मग तेच मूल तोच चेहरा पेन्सिलीनं काढतं, मातीत करतं, तारेत वळतं. साधन बदललं की बघणंही बदलतं. पेन्सिलीनं काढताना नाक म्हणजे एक रेघ असते; मातीत करताना पहिल्यांदा कळतं की नाक पुढे येतं आणि त्याला बाजू असतात.

यासाठी रेज्जोसारखी शाळा लागत नाही. आठवड्याच्या बाजारात मिळणारे प्लॅस्टिकच्या कडेचे छोटे आरसे दोन मुलांत एक या हिशोबानं पुरतात. मात्र सूचना नेमकी हवी. ‘तुझं चित्र काढ’ म्हटलं की ठोकळेबाज गोल येतो. त्याऐवजी आधी पेन्सिल बाजूला ठेवायला सांगून फक्त प्रश्न विचारावेत. भुवया कुठे सुरू होतात, कुठे संपतात? दोन्ही सारख्या आहेत का? खालच्या पापणीला केस आहेत? नाकाच्या भोकांमधलं अंतर जास्त की डोळ्यांमधलं? दुसरीतलं मूल असा आरसा नाकाला टेकवून बघतं, पापणी बोटानं ताणतं, पडलेल्या दाताच्या जागी उगवणाऱ्या नव्या दाताची कडा बघतं आणि शेजाऱ्याला दाखवतं, ‘माझा दात करवतीसारखा आहे!’ नव्यानं उगवलेल्या पुढच्या दातांची कडा खरोखरच दातेरी असते आणि पुढे झिजून सरळ होते. अशी पाच मिनिटं बघून झालं की मग कागद द्यावा. चित्र सुबक येईलच असं नाही. पण त्यात तो दात येतो, कपाळावरची खोक येते, एका बाजूला उडालेले केस येतात.

चौथीच्या वर्गात हाच आरसा गणिताचाही तास होतो. एक डोळा मिटायचा, डोकं हलू द्यायचं नाही आणि आरशाच्या काचेवर दिसणाऱ्या चेहऱ्याची बाह्यरेषा व्हाइटबोर्डच्या मार्करनं काढायची. मग पट्टीनं मोजायची. काचेवरचा चेहरा खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मा निघतो. मूल जवळ बसो की लांब, निम्माच. कारण प्रतिबिंब आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असतं जितके आपण पुढे असतो, आणि काच नेमकी मधोमध येते. रोज आरशात बघणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं, विचारून बघा. असंच दुसरं मोजमाप दोऱ्यानं करता येतं. टाळूपासून हनुवटीपर्यंत दोरा धरायचा, मधोमध दुमडायचा आणि चेहऱ्याजवळ धरायचा. डोळे जवळजवळ अर्ध्यावर येतात; लहान मुलांचे तर अर्ध्याच्याही किंचित खाली. आणि आपण सगळे, मुलं आणि बाईसुद्धा, डोळे कपाळाच्या जागी काढत असतो, कारण कपाळात आणि केसांत बघण्यासारखं काही नाही असं आपण धरून चालतो.

मुलांना दाखवायला सर्वांत चांगलं आत्मचित्र एका मुलाचंच आहे. 1484 मध्ये न्यूरेंबर्गमधल्या तेरा वर्षांच्या आल्ब्रेख्त ड्यूररनं आरशात बघून स्वतःला काढलं. पुढे मोठा चित्रकार झाल्यावर त्यानं त्याच कागदावर लिहून ठेवलं, की हे मी लहान असताना आरशातून काढलं आहे. आज ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. ते चित्र चांदीच्या अणकुचीदार काडीनं काढलेलं आहे आणि त्या काडीची रेघ खोडता येत नाही. मला ही गोष्ट वर्गात फार उपयोगाची वाटते. आपल्या मुलांचा अर्धा तास खोडरबरात जातो. त्या दिवशी खोडरबर दप्तरातच ठेवायला सांगावेत आणि सोबत ड्यूररचं चित्र दाखवावं. रेम्ब्रांनं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत स्वतःला ऐंशीच्या आसपास वेळा चितारलं, व्हॅन गॉगनं काही वर्षांतच पस्तीसेक वेळा. आपल्या अमृता शेरगिलची आत्मचित्रंही आहेत. मुलांना एवढंच सांगावं, की एकदा काढून चेहरा संपत नाही.

आता रंग. इथे खरी अडचण सुरू होते आणि इथेच शिक्षकानं सर्वांत जास्त जपायला हवं.

आपल्याकडे वर्षानुवर्षं रंगांच्या पेटीत एक फिकट, पिवळसर-गुलाबी खडू ‘स्किन कलर’ म्हणून ओळखला जातो. चेहरा रंगवायची वेळ आली की अख्खा वर्ग तो एकच खडू मागतो. ज्यांच्या हाताची कातडी त्या खडूशी जरासुद्धा जुळत नाही, अशी मुलंही तोच मागतात. हा खडू हाती देणं म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला न बोलता सांगणं, की कातडीचा खरा रंग हा, तुझा त्याहून वेगळा. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं आपल्या अशाच खडूचं ‘कातडी’ हे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं आणि 2020 मध्ये जगभरातल्या कातडीच्या 24 छटांची पेटी बाजारात आणली.

हे प्रकरण किती खोल जातं, ते केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं 1940 च्या दशकात दाखवलं. मुलांना काळ्या आणि गोऱ्या बाहुल्यांतून निवड करायला सांगणारी त्यांची चाचणी प्रसिद्ध आहे. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. पण त्यांनी एक खडूंची चाचणीही केली होती आणि ती आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. पाच ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांना खडूंची पेटी आणि पान, सफरचंद, संत्रं, उंदीर, मुलगा, मुलगी यांच्या बाह्यरेषा दिल्या. आधी वस्तू रंगवायला सांगितल्या. पान हिरवं, सफरचंद लाल झालं, म्हणजे मुलाला रंग कळतात हे पक्कं झालं. मग म्हटलं, हा तू आहेस असं समज आणि तुझा जो रंग आहे तो दे. पान-सफरचंद भराभर रंगवणारी मुलं इथे थबकली, जपून, काळजीपूर्वक रंग भरू लागली. अनेकांनी स्वतःला आहेत त्याहून उजळ रंगवलं.

महाराष्ट्रात ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य घराघरांत मुलींच्या कानावर पडतं. शिक्षकानं वर्णभेदावर भाषण द्यावं असं मी म्हणणार नाही; पहिलीच्या मुलांना भाषण कळत नाही. रंग कालवायला द्यावा. गेरू आणि पिवळी माती हे मुख्य, काळ्यासाठी कोळशाची वस्त्रगाळ पूड, उजळपणासाठी फळ्यावरच्या खडूची पूड, आणि बांधायला डिंकाचं पाणी. (चुना वापरू नका, मुलांच्या हातांना चरचरतो.) जुन्या ताटलीत मुलं गेरू आणि पिवळी माती एकत्र करतात, चिमूटभर कोळसा घालतात आणि एक थेंब मनगटावर लावून बघतात. जास्त लाल झालं. पुन्हा पिवळी. आता जास्त फिकट. कोळसा अगदी थोडा, नाहीतर सगळंच काळवंडतं. जेव्हा थेंब मनगटावर दिसेनासा होतो तेव्हा रंग जमला. या खटाटोपात वर्गाला काही गोष्टी आपोआप समजतात. प्रत्येकाच्या रंगात तेच तीन-चार पदार्थ आहेत, फरक फक्त प्रमाणात. ‘गोऱ्या’ मुलीलाही कोळसा लागला. तळहात आणि हाताची पाठ यांचे रंग वेगळे आहेत. पांढरा माणूस आणि काळा माणूस वर्गात एकही नाही. आपापल्या छटेला मुलांनीच नाव द्यावं: चिंच, नाचणी, गुळाची ढेप, शेंगदाण्याचं साल. एवढं झाल्यावर ‘स्किन कलर’ कुणी मागत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर कोड असतं, भाजल्याची खूण असते, डोळा तिरळा असतो. त्यानं ते चित्रात काढलं तर त्याचं कौतुक करत बसू नये, सोडलं तर विचारू नये. आपला चेहरा किती दाखवायचा हा निर्णय त्या मुलाचा आहे.

स्वतःच्या चेहऱ्यानंतर दुसऱ्याचा. इयत्ता तिसरी-चौथीत आजीचं, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं, गावच्या पोस्टमनचं व्यक्तिचित्र काढायला लावावं. त्यासाठी माणसाला समोर बसवावं लागतं, तो बसलेला असताना गप्पा मारायला लागतात आणि चित्राखाली चार ओळी लिहायच्या तर ऐकायलाही लागतं. परिसर अभ्यासाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आणि व्यक्तिचित्रांचं संग्रहालय तर प्रत्येक मराठी शाळेत आधीच आहे: कार्यालयाच्या भिंतीवरच्या तसबिरी. जयंती-पुण्यतिथीला त्या खाली उतरतात, हार पडतो, पुन्हा वर जातात. मुलांनी कधी जवळून बघितलेल्या नसतात. महात्मा फुल्यांचं पागोटं, सावित्रीबाईंच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू, बाबासाहेबांच्या हातातलं पुस्तक. चित्रकारानं हेच का निवडलं असेल? तुझ्या चित्रात तुझ्या हातात काय असेल? हा प्रश्न विचारल्यावर कुणी क्रिकेटची बॅट काढतं, कुणी कोंबडी, कुणी लहान भावाला कडेवर घेऊन उभं राहतं.

नऊ-दहाव्या वर्षी मात्र वारं फिरतं. कालपर्यंत बिनधास्त काढणारं मूल कागद हातानं झाकतं आणि म्हणतं, ‘मला येत नाही.’ डोळ्याला आता जे दिसतं ते हाताला काढता येत नाही, हे त्याला कळलेलं असतं. याच वयात आपली बहुतेक माणसं चित्र काढणं कायमचं सोडतात. या वेळी नुसतं ‘छान आहे’ म्हणून भागत नाही. त्याला युक्ती हवी असते. अमेरिकन चित्रशिक्षक किमोन निकोलाइडीस यांनी शिकवलेली एक युक्ती वर्गात हमखास चालते: कागदाकडे अजिबात न बघता, नजर समोरच्या चेहऱ्याच्या कडेवरून मुंगीच्या गतीनं फिरवायची आणि पेन्सिल त्याच गतीनं चालवायची. पेन्सिल कागदी ताटलीतून आरपार खोचली की हात झाकला जातो आणि चोरून बघायचा मोह टळतो. सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात. वर्गातला ‘चित्रकार’ आणि कधीच चित्र न काढणारा एका पातळीवर येतात, आणि त्या वेड्यावाकड्या रेघेत नाकाचा बाक मात्र अचूक उतरलेला असतो.

आपल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत वस्तुचित्र आहे, संकल्पचित्र आहे, स्मरणचित्रात बाजार आणि जत्रेची गर्दी आहे. आरशात बघून स्वतःला काढायला कुणी सांगत नाही. ते शाळेनंच करायचं आहे, आणि परीक्षेत नाही म्हणून ते जास्त मोकळेपणानं करता येईल. गुण देऊ नका, क्रमांक काढू नका, तोंडाचा छापील गोल वाटू नका आणि मुलाच्या रेघेवर आपली रेघ कधीही चढवू नका.

शाळा सुरू झाल्यावर एक, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आणि वार्षिक परीक्षेच्या आधी एक, अशी वर्षाला तीन आत्मचित्रं सारख्या मापाच्या कागदावर काढून घ्या. मागे तारीख घाला. बालवाडीपासून चौथीपर्यंतची सगळी एका फायलीत लावा आणि चौथीच्या शेवटच्या दिवशी ती फाइल मुलाच्या हातात द्या. शाळेच्या कपाटात ठेवू नका. ती त्याची आहे.